सोबत्याचं पान

९ जानेवारी, शुक्रवार

एकसारखे दोन फोन घेऊ नयेत. घेतलेच तर निदान कव्हरं वेगळी घ्यावीत. ह्याने दोन्ही काळी घेतली — "जोडीवर सवलत होती." दिवसातून एकदा तरी मी ह्याचा फोन उचलते आणि ह्याच्या साहेबांना "बोल रे" म्हणते.

तर आज दवाखान्यात सिस्टरने आमचे दोन्ही फोन हातात घेतले आणि त्यांत एक ॲप घालून दिलं. ज्यांचं पहिलंच बाळ आहे अशा जोड्यांसाठी आहे. शरीराचं नाही, मनाचं. शरीर बघायला डॉक्टर आहेत, मन कोण बघणार, असं सिस्टर म्हणाली. एका फोनवर 'आई'चं पान, दुसऱ्यावर 'सोबत्या'चं. आईने रोज संध्याकाळी प्रश्नांची उत्तरं द्यायची, पाच चेहऱ्यांतला एक निवडायचा, वाटलं तर मनातलं दोन ओळी लिहायचं. सोबत्याला मग कळतं, आज बाईसाहेबांचा नूर काय आहे आणि आपण काय करावं. सिस्टर पुढचं समजावत होती तेवढ्यात मला बाथरूमला जावं लागलं — पाचवा महिना! परत आले तोवर तिचं ह्याला सगळं सांगून झालं होतं.

"नीट ऐकलंस ना?" — "हो." "मला सांगशील?" — "हो." घरी पोचेपर्यंत अवाक्षर नाही. मौनीबाबा तो मौनीबाबाच.

तिथे बोलला ते एकच वाक्य. सिस्टरने विचारलं, बाळंतपणाच्या खोलीत एक माणूस थांबू शकतं, तुम्ही थांबणार ना? हा पटकन म्हणाला, "तिच्या ताईला नेऊ." माझ्याकडे न बघता.

ताई चांगली आहे माझी. पण मला तिथे ताई नकोय, ताई मलाच ओरडेल. मला हा हवाय. रस्त्यात विचारलं, का रे? "मला नाही जमणार." पण का? "नाही जमणार." मग सिग्नल हिरवा झाला आणि विषय संपला.

वाईट वाटलं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या उगाच भांडणार नाही.

११ जानेवारी, रविवार

फोन टुणकन वाजला. त्यावर आलं — "आज तिचे पाय दुखत असतील. थोडा वेळ चेपून द्या. तिने मागायची वाट पाहू नका."

मला! माझेच पाय सुजून मुळ्यासारखे झालेत आणि मी कोणाचे चेपू?

मग प्रकाश पडला. सिस्टरने फोनांची अदलाबदल केली. ह्याच्या फोनवर आईचं पान, माझ्या फोनवर सोबत्याचं. दवाखान्याच्या लेखी हा गरोदर आहे.

ह्याच्याकडे बघितलं. खिडकीपाशी बसून, कपाळाला आठ्या घालून, एकेका प्रश्नाचं उत्तर देत होता. समोर आलेला कागद भरायचा हा ह्याचा स्वभावच आहे. कोणाचा आहे ते नंतर बघायचं. मागे शेजाऱ्यांचा पाण्याच्या जोडणीचा अर्ज अर्धा भरून झाल्यावर ह्याने वरचं नाव वाचलं होतं.

सांगणारच होते. पण हसू दाबलं तशी आतून बाळाने ढुशी दिली, मग हसूही आवरेना, आणि सांगायचं राहिलं.

१२ जानेवारी, सोमवार

ह्याचे पाय चेपून दिले. घाबरला. म्हणाला, "काय हवंय तुला?"

१७ जानेवारी, शनिवार

ॲप ह्याला झोडपतंय. रोज संध्याकाळी ह्याला विचारलं जातं, लोहाची गोळी घेतली का. हा खोटं लिहिणार नाही, म्हणून आधी स्वयंपाकघरात येऊन मला विचारतो, "गोळी घेतलीस?" मी घेतली म्हटलं की परत खिडकीपाशी जातो. पाणी किती प्यायलीस? दुपारी आडवी झालीस का? पाचवा महिना लागल्यापासून हा माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हता. प्रश्न ॲपचे का असेनात.

आज तर कहर. बाहेरच्या खोलीत गेले तर हा जमिनीवर, डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, डोळे मिटलेले, नाकाने श्वास घेतोय आणि तोंडाने सोडतोय. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या बोळात दोरखंड तपासत लोंबकळणारा माणूस हा.

"काय करतोयस?"

"बघतोय कसं करतात ते. तुला शिकवायला."

शिकवलंही. चांगलं शिकवतो. मी झोपून गेले.

अदलाबदलीचं सोमवारी सांगते.

१९ जानेवारी, सोमवार

नाही सांगितलं. दुकानात गर्दी होती, दमले होते. आणि खरं सांगायचं तर मजा येतेय.

२४ जानेवारी, शनिवार

आज पहिल्यांदाच ओळ आली. सूचनेच्या वर, वेगळ्या रंगात. "आज तिने लिहिलं आहे —" आणि खाली —

"काल पोटावर हात ठेवला होता. बाळ हललं. मी हात काढून घेतला. तिला वाटलं मी दमलोय. मी दमलो नव्हतो."

'तिने' लिहिलं आहे म्हणे.

दोनदा वाचलं. काल खरंच असंच झालं होतं. हात ठेवला, आतून टक्कर बसली, आणि ह्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मी म्हटलं, दमलास का, झोप. "हं," म्हणाला. मी मनातल्या मनात थोडी रुसलेही होते.

खाली सूचना होती — "लगेच काही विचारू नका. तिच्या शेजारी बसा." हा भांडी घासत होता. ओट्याशेजारी स्टूल ओढलं आणि बसले.

"काय?"

"काही नाही."

जरा वेळाने म्हणाला, "फडकं दे."

एवढंच. पण मला बरं वाटलं. त्यालाही वाटलं असावं, कारण भांडी संपली तरी नळ बंद करायला वेळ लावला.

२९ जानेवारी, गुरुवार

चोराच्या मनात चांदणं. ह्याला माहीत नाही की त्याने लिहिलेलं माझ्या फोनवर येतं. आणि मी वाचते! रोज संध्याकाळी वाट बघते! सांगितलं तर हा लिहिणं थांबवणार, हे नक्की. पुन्हा मूग गिळून बसणार. नाही सांगितलं तर मी चोर.

दुकानात काकांना विचारलं. काका म्हणजे मालक. चष्म्याचं दुकान त्यांचं, डोळे तपासायचं काम माझं. आडून विचारलं, "काका, चुकून दुसऱ्याचा चष्मा आपल्याकडे आला आणि त्यातून छान दिसलं, तर?"

काकांनी फ्रेमचा स्क्रू आवळता आवळता म्हटलं, "परत करायचा."

"लगेच?"

"बघून झाल्यावर." मग वर बघितलं. "कोणाचा चष्मा हरवलाय?"

कोणाचा नाही, म्हटलं. मग एक आजोबा आले, त्यांना खुर्चीत बसवलं, भिंग बदलून बदलून विचारलं — हे बरं की आधीचं? आजोबा म्हणाले, दोन्ही सारखंच. असेच असतात पुरुष, विचारलं की दोन्ही सारखंच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात होते. फोन वाजला. ह्याने आज लवकर लिहिलं होतं, जेवणाच्या सुट्टीतच बहुधा.

"लहान होतो. धाकटीच्या वेळी आईला लिफ्टमधून खाली नेलं, खुर्चीत बसवून. आत मला जागा नव्हती. जाळीचं दार ओढलं आणि आई ओरडत खाली गेली. मी वरून बघत होतो. मग दिवसभर मला कोणी काही सांगितलं नाही. मला वाटलं ती गेली."

म्हणून. म्हणून ताईला नेऊ.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मला माहीत नव्हतं. सासूबाई ठणठणीत आहेत, धाकटी नणंद दूरच्या शहरात शिकवते, दोघी फोनवर तासतास हसतात. घरात कोणी गेलेलं नाही. पण तो एक दिवस हा एकटा त्या जाळीपाशी उभा होता, आणि अजूनही ते त्याच्या मनातून गेलेलं नाही.

रडले. मागच्या खोलीत जाऊन. काका म्हणाले, "डोळ्यांत औषध घातलंस का?" हो, म्हटलं.

सूचना होती — "तिच्या भीतीला हसू नका. 'काही होत नाही' असं म्हणू नका." बरं झालं सांगितलं. मी नेमकं तेच म्हणणार होते.

घरी आल्यावर काहीच म्हटलं नाही. त्याचा हात घेऊन पोटावर ठेवला आणि वर माझा ठेवला. या वेळी त्याने काढला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई आल्या. तीन झबली, दोन टोपडी, आणि तोंडाचा पट्टा. मला फार आवडतात. घरातल्या दोघांचं बोलणं त्या एकट्या बोलतात, म्हणून हा असा निघाला असं माझं मत आहे.

हा दूध आणायला गेला तेव्हा विचारलं, "आई, धाकटीच्या वेळी काय झालं होतं?"

"काय होणार? लिफ्टमध्ये बसवलं आणि नेलं. मी असली बोंबलत होते की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले!" हसत हसत सांगितलं. "तासाभरात मोकळी झाले. मग मस्त झोपले."

"आणि हा?"

"तो ना? शेजारी खेळत होता. मजेत! गुणी पोर, कधी त्रास दिला नाही. संध्याकाळी आला दवाखान्यात, बहिणीकडे बघितलंही नाही, माझ्या पदराला धरून बसला. मी म्हटलं, भूक लागली असेल."

मजेत. त्यांचीही चूक नाही. तेव्हा मोठ्या माणसांची इतकी धांदल असणार की लहानांना कोण काय सांगतंय.

त्या दिवसामुळेच हा लिफ्टवाला झाला असं म्हणायचा मोह होतोय. पण नाही. त्याला गणिताच्या मास्तरांनी त्या कामाला पाठवलं होतं, मास्तरांचा मेहुणा तिथे साहेब होता. उगाच गोष्टी रचू नयेत.

३ मार्च, मंगळवार

आजची फजिती. एका बाईंना नवी फ्रेम लावून बघत होते, दांड्या कानामागे बसवत होते, तेवढ्यात सिस्टरचा फोन.

"ताई, तुमची उत्तरं बघतेय. दोन आठवडे रडका चेहरा येतोय. खोलीची भीती वाटते का तुम्हाला?"

उत्तरं ह्याची. फोन नंबर माझा. काय सांगू? खरं सांगितलं तर दोन मिनिटांत पानं जिथल्या तिथे होतील आणि ह्याचं लिहिणं बंद.

"हो," म्हटलं. "वाटते."

"कशाची? दुखण्याची?"

"नाही. दाराची." गिऱ्हाईक बाई चष्म्यातून माझ्याकडे बघायला लागल्या. "म्हणजे — दार लागलं की आत काय चाललंय ते बाहेरच्याला कळत नाही. आणि बाहेरच्याला कोणी काही सांगत नाही."

सिस्टर इतक्या मायेने बोलली! म्हणाली, असं पुष्कळ जणींना वाटतं. म्हणाली, आम्ही खोली आधी दाखवतो, पुढच्या मंगळवारी या, नवऱ्यालाही आणा. ते बोलणं ऐकून मलाच आतून सैल वाटलं. मला वाटत होतं मी ह्याच्या वतीने बोलतेय. पण भीती मलाही आहेच की! मला कोणी विचारलंच नव्हतं, कारण मी सोबती आहे ना.

संध्याकाळी ह्याला म्हटलं, "मला खोलीची भीती वाटते. मंगळवारी बघायला जायचंय. येशील?"

"तुझ्यासाठी येतो," म्हणाला. जसं काही माझ्यावर उपकार.

१० मार्च, मंगळवार

खोली पाहिली. लहानच आहे. पलंग, दिवा, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात एक खुर्ची — ती सोबतच्या माणसाची. मी पलंग बघत होते, हा दार.

दाराला वर तो लोखंडी दांडा असतो ना, दार आपोआप लोटणारा, तो कर्रर्र करून बंद व्हायचा आणि शेवटी धाडकन. हा तिथेच थांबला. उघडलं, सोडलं — कर्रर्र, धाड. पुन्हा उघडलं. चेहरा पांढरा. सिस्टर मला पलंग वरखाली कसा होतो ते दाखवत होती आणि माझं सगळं लक्ष त्याच्याकडे.

मग म्हणाला, "सिस्टर, ह्याला आतून कडी आहे?"

"नाही हो. कुलूपही नाही. ह्या खोलीचं दार कधीच लागत नाही, नुसतं लोटलेलं असतं. बाहेरून कोणीही ढकलू शकतं."

"कोणीही?"

"कोणीही. फक्त हात धुवून."

हा बाहेर गेला. दार बंद. मी आत. मग बाहेरून ढकलून आत आला. असं दोन-तीनदा केलं. मग खिशातला पेचकस काढला — तो आंघोळीलाही पेचकस घेऊन जात असेल — आणि खुर्ची ओढून त्यावर चढला. दांड्याचा कसलासा स्क्रू पिळला, तेलाची इवलीशी बाटली काढून दोन थेंब टाकले. सिस्टर बघतच राहिली.

"आता बघा," म्हणाला.

दार आलं आणि अलगद टेकलं. आवाज नाही.

सिस्टर म्हणाली, "आणखी चार खोल्यांची दारं अशीच आहेत हो." चारही करून दिली. मी बाहेर बाकावर बसून सफरचंद खाल्लं. फार सुखात होते.

येताना म्हणाला, "तुझी भीती गेली?"

"थोडी," म्हटलं.

"हं," म्हणाला.

११ मार्च, बुधवार

"दार चांगलं आहे." एवढीच ओळ. चेहरा मधला — ना हसरा, ना रडका. पहिल्यांदाच.

२२ मार्च, रविवार

ह्याचा कामातला जोडीदार चहाला आला होता. बडबड्या, पोट धरून हसणारा. त्याने ह्याची गंमत सांगितली. लिफ्ट मध्येच अडकली की आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं काम ह्याचं असतं. जोडीदार वर यंत्राशी झटापट करतो आणि हा दाराच्या फटीला तोंड लावून बोलत बसतो. परवा एक बाई अडकल्या होत्या, घाबरून दार बडवत होत्या. "वहिनी, तासभर बोलला हा! तासभर! त्यांच्या मांजराचं नावसुद्धा माहीत आहे ह्याला!"

मी ह्याच्याकडे बघितलं. ह्याने चहात तोंड घातलं.

"काय बोलतोस रे त्यांच्याशी?"

"काही नाही. मी इथेच आहे म्हणतो. तेवढं पुरतं."

मला तासभर कधी मिळणार? लिफ्टमध्ये अडकावं लागेल.

४ एप्रिल, शनिवार

उन्हं लांबलीत. गॅलरीत दोघं. तो लाकडी पाळणा घासतोय, मी त्याला गोळ्या घेतल्याचं सांगतेय. पायांवर भुसा पडतोय. काही नको अजून आयुष्यात, असं वाटलं. मग छातीत जळजळ सुरू झाली आणि वाटलं, सोडा हवा.

१९ एप्रिल, रविवार

धीर करून विचारलं. "खोलीत तू येशील?"

हा बराच वेळ पाळण्याच्या दांडीवरून हात फिरवत होता. "बघू," म्हणाला.

बघू! माझं डोकं फिरलं. इतके आठवडे मी सूचना पाळतेय, शेजारी बसतेय, पाय चेपतेय, गप्प राहतेय, आणि बघू! दार धाडकन लावून आत गेले. लावल्यावर कळलं काय केलं ते. उघडून बाहेर आले. तो तिथेच बसला होता, दाराकडे बघत. "वाऱ्याने लागलं," म्हटलं. वारा नव्हता.

संध्याकाळी ओळ आली —

"तिने विचारलं. बघू म्हणालो. हो म्हणायचं होतं."

हो म्हणायचं होतं तर म्हण ना रे माणसा! मी तुझ्यापासून चार हातांवर बसलेय!

पण राग गेला. ताकाला जाऊन भांडं लपवणारा नवरा मिळालाय, त्याला कोण काय करणार.

२ मे, शनिवार

तोंडाने अजून हो म्हटलेलं नाही. ताईला कळवून ठेवलंय. तिने बॅग भरली आहे आणि फोनवरच ओरडायला सुरुवात केली आहे. मी हसतेय, पण मनात एकच — तो येऊ दे. बाकी सगळं जमेल मला.

८ मे, शुक्रवार

पाणी गेलं. ताई पोचायला संध्याकाळ होईल. हा बॅग घेऊन दारात उभा आहे, चपला उलट्या घातल्यात. "काय लिहितेयस?" म्हणतोय. निघाले.

१२ मे, मंगळवार

मुलगी. दोघी बऱ्या आहोत. आता सगळं लिहिते, नाहीतर विसरेन. जमेल तसं — मांडीवर ती आहे.

खोलीपाशी पोचलो. सिस्टर म्हणाली, सोबत कोण? ताई अजून वाटेत. सासूबाई पाठोपाठ आल्या होत्या, म्हणाल्या, "मी आहे की." मी काही बोलले नाही. ह्याच्याकडे बघितलंही नाही. ठरवलंच होतं, ओढायचं नाही. मला आत नेलं. दार आपोआप आलं आणि अलगद टेकलं.

कळ आली. डोळे मिटले. उघडले तर दार ढकललेलं, आणि हा हात धुवून उभा, कोपरापर्यंत पाणी गळतंय.

खुर्चीवर बसला नाही. माझ्या डोक्याशी आला. चेहरा चुन्यासारखा. मला वाटलं आता हा पडणार आणि त्यालाच उचलावं लागणार. पुढची कळ आली तशी मी ओरडले — सासूबाईंसारखी, खालच्या मजल्यापर्यंत. त्याचे डोळे विस्फारले. आणि मग तो वाकला, माझ्या कानापाशी तोंड आणलं आणि बोलायला लागला.

"घाबरू नका. मी इथेच आहे. कुठेही जात नाही. एक मोठा श्वास घ्या बघू. आपण हळूहळू खाली येतोय. तुम्ही एकट्या नाही. दाराला हात लावू नका."

मला! 'तुम्ही'! 'दाराला हात लावू नका'! डॉक्टरीणबाईंनी मान वर करून बघितलं. त्याला काही कळतच नव्हतं, तो लिफ्टच्या फटीपाशी होता. मी कळांच्या मधल्या वेळात हसत होते. "अजून किती मजले?" विचारलं. "थोडेच राहिलेत, बाई," म्हणाला, अगदी गंभीरपणे.

पाच तास बोलला. मौनीबाबा! पहिल्या कामावरचं सांगितलं, त्या बाईंच्या मांजराचं सांगितलं, जाळीच्या दाराचंही सांगितलं — तोंडाने, जसं लिहिलं होतं तसंच. मी जणू पहिल्यांदाच ऐकत होते. काही सुचलं नाही की "मी इथेच आहे" म्हणायचा. खरंच तेवढं पुरत होतं.

ती रडली तेव्हाच तो गप्प झाला. मग रडला. मग माझा हात सोडून आधी काय केलं? धावत दाराकडे गेला, ढकललं आणि बाहेर ओरडला, "दोघी बऱ्या आहेत! आई, दोघी बऱ्या आहेत!" बाहेरच्याला लगेच सांगायला हवं ना.

ताई संध्याकाळी पोचली. ओरडायला कोणी उरलं नव्हतं म्हणून चहावाल्याला ओरडली.

२१ मे, गुरुवार

सिस्टर घरी आली होती. आता बाळंतपणानंतरचे प्रश्न वेगळे असतात, ते लावून देते म्हणाली. माझा फोन उघडला आणि थबकली. "अहो, हे तर सोबत्याचं पान!"

सांगून टाकलं सगळं. अदलाबदल, आणि त्याच्या ओळी मी चार महिने चोरून वाचल्या तेही. म्हटलं, ॲपच दाखवायचं हो, मी काय करू.

सिस्टर म्हणाली, "ॲप आपणहून काही दाखवत नाही. ओळ लिहिली की खाली चौकटीत खूण करावी लागते — 'सोबत्याला दाखवा'. दर वेळी. नाही केली तर ती त्याच फोनमध्ये राहते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. तुमच्या ह्यांना. तुम्ही बाथरूमला गेला होतात."

हा बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीपाशी उभा होता, पाठमोरा. कान लालबुंद.

म्हणजे चोरून मी काहीच वाचलं नव्हतं. प्रत्येक ओळ तो मलाच सांगत होता.

पानं आता जिथल्या तिथे. संध्याकाळी मी आईच्या पानावर पहिली ओळ लिहिली. खाली खूण केली. आतल्या खोलीत त्याचा फोन टुणकन वाजला.